मॉनिटरशेजारचा हात

कॅमेऱ्याच्या दुकानात पाऊल टाकलं की माझा नवरा आपोआप जाणकार होतो. त्यासाठी त्याला काहीच करावं लागत नाही, नुसतं माझ्या शेजारी उभं राहिलं की पुरतं. प्रश्न मी विचारते आणि दुकानदार उत्तर त्याला देतो. चेन्नईत माउंट रोडजवळच्या एका दुकानात मी तीन वेळा सांगितलं की कॅमेरा मला हवा आहे, बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून मी आता माणसांचे फोटो काढणार आहे. तिन्ही वेळा दुकानदाराने माझ्या नवऱ्याकडे बघून मान डोलावली आणि मॅडमसाठी हलकं मॉडेल बरं पडेल, असं त्याला इंग्रजीतून समजावलं. माझ्या नवऱ्याने उभी हयात संरक्षण खात्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात घालवली. कॅमेऱ्याची लेन्स फिरवून काढता येते हे त्याला त्या दिवशी तिथेच कळलं. तरी तो गंभीर चेहऱ्याने ‘हं, हं’ करत होता. मला दोघांचाही संताप आला.

मग दुकानदाराने प्रात्यक्षिक म्हणून माझाच फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या पडद्यावर दाखवला. गालांवरचे वांग गेले होते, नाकाच्या बाजूच्या रेघा गेल्या होत्या, आणि मी चांगली सावळी बाई उकडून सोललेल्या अंड्यासारखी दिसत होते. मॅडम दहा वर्षांनी लहान झाल्या, असं तो म्हणाला; अर्थात नवऱ्याला. ही सोय बंद कशी करायची, असं मी विचारलं. त्याला ते ठाऊकच नव्हतं. बंद करा म्हणणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. मी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले. तोंडावरून कुणीतरी ओलं फडकं फिरवल्यासारखी शिसारी आली होती.

या शिसारीचं मूळ जुनं आहे. माझं लग्न ठरवायचं होतं तेव्हा स्थळांना पाठवायला म्हणून वडिलांनी मला मिरजेतल्या एका स्टुडिओत नेलं होतं. तिथल्या माणसाने माझ्या तोंडाला पावडर थापली, डोळे दिपतील असे दोन दिवे समोर लावले आणि छापताना आणखी काहीतरी करामत केली. तो फोटो मद्रासला नोकरी करणाऱ्या या मुलाकडे गेला आणि होकार आला. लग्नात मी हार हातात घेऊन उभी होते, तेव्हा नवऱ्याच्या आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, “फोटोत उजळ होती की.” त्या हळू बोलल्या नव्हत्या. पुढचा सगळा दिवस मी कुणालातरी फसवल्यासारखी मान खाली घालून वावरले. फसवलं होतं त्या स्टुडिओवाल्याने आणि माझ्या वडिलांनी, पण मान माझी खाली गेली.

म्हणून मला माणूस जसा आहे तसा दाखवणारा कॅमेरा हवा होता. एवढी साधी मागणी, पण ती कुणाच्या गावी नव्हती. इंटरनेटवर कॅमेऱ्यांची चर्चा करणाऱ्यांची मोठी जत्रा भरते. तिथे मी चार महिने घालवले. ही मंडळी माणसांचे फोटो काढतच नाहीत. ती विटांच्या भिंतीचे फोटो काढतात आणि मग कोपऱ्यातली वीट वीस पट मोठी करून ती किती रेखीव आली यावर एकमेकांची आईबहीण काढतात. मी एकदा विचारलं की सावळ्या कातडीचा रंग कुठल्या कॅमेऱ्यात खरा येतो. एकाने उत्तर दिलं की ते नंतर कम्प्युटरवर सुधारता येतं. सुधारता येतं, हा त्याचा शब्द. मी तो पुष्कळ दिवस मनात घोळवला आणि दर वेळी मला नव्याने वीट आला.

शेवटी मी एक वापरलेला, जुन्या मॉडेलचा, वजनदार कॅमेरा घेतला, कारण त्याच्या फोटोंत माझा हात माझ्या हातासारखा दिसत होता. त्याला चेहऱ्यांसाठी म्हणून पंचाऐंशी एमएमची लेन्स घेतली. चेन्नईच्या दमट हवेत लेन्सला आतून बुरशी धरते, म्हणून तिच्यासाठी ओल शोषणारं छोटं विजेचं कपाट लागतं. नवऱ्याच्या मते हा शुद्ध वेडेपणा होता. तांदूळ ओल शोषतो, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. एका दुपारी मी घरी नसताना त्याने लेन्स रुमालात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. ती बाहेर काढल्यावर तिचं कडं फिरवलं की आत करकर आवाज यायचा. दुरुस्तीवाल्याने आतून पिठूळ भुगा काढून कागदावर ठेवला आणि मला दाखवला. त्यानंतर ते कपाट आलं, आणि आठवडाभर मी वाढलेला भात नवऱ्याने मान खाली घालूनच खाल्ला.

मॉनिटरसाठी मी कम्प्युटरच्या बाजारात, रिची स्ट्रीटला गेले. एका ओळीत पंधरा-वीस मॉनिटर लावलेले, आणि प्रत्येकावर तेच पोपट, तीच फुलं, डोळ्यांत घुसणारे तेच रंग. मी विक्रेत्याला म्हटलं, यातला सगळ्यात फिका, सगळ्यात खरा दाखव. त्याला मी मंद वाटले असणार. गिऱ्हाइकाला झगमगीत लागतं, फिकं कोण घेतं, असं त्याने मला समजावलं. तीन दुकानं पालथी घातल्यावर छापखानेवाल्यांसाठी मागवलेला एक जाड, कुरूप मॉनिटर मिळाला. त्याच्याबरोबर रंग तपासायचं यंत्रही घेतलं. ते उंदराएवढं यंत्र स्क्रीनवर टांगलं की ते एकेक रंग वाचतं आणि मॉनिटर कुठे खोटं बोलतोय ते सांगतं. मी टेबलामागची भिंत करडी रंगवून घेतली, कारण रंगीत भिंतीचा परिणाम डोळ्यांवर होतो. वेस्ट मांबलमच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला सरकारी कचेरीची कळा आली. मला ती आवडली.

यंत्रावर मात्र माझा पुरता विश्वास नव्हता. नोकरीत इतकी वर्षं दुसऱ्याची आकडेमोड तपासत काढल्यावर कशावरच तो बसत नाही. म्हणून मी एक रीत पाडली. महिन्यातून एका रविवारी सकाळी खिडकीशी माझी मुलगी उभी राहायची. ती पेरुंगुडीच्या एका कंपनीत इंजिनियर आहे आणि रविवारची झोप तिला प्राणाहून प्रिय, तरी ती यायची. डाव्या हातात रंग मापायला लागणारं करडं कार्ड धरायची, उजवा हात पुढे करायची, आणि मी मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हाताचा फोटो काढायची. मनगटाच्या वर एक तीळ आहे आणि त्याच्याशेजारी लहानपणी फोडणीचं तेल उडाल्याचा डाग. मग तो फोटो मॉनिटरवर लावायचा आणि तिने खरा हात त्याच्या शेजारी धरायचा. दोन हात, एक काचेतला आणि एक काचेबाहेरचा. मी मागे उभी राहून विचारायची, जुळतंय का? ती डोळे बारीक करून बघायची. कधी म्हणायची, थोडा लाल आहे. मी यंत्र पुन्हा लावायची. शेवटी ती म्हणायची, “जुळलं, आई. पोदुम, पुरे आता, झोपू दे.” तिचं मराठी असंच आहे, अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी, पण ‘जुळलं’ हा शब्द ती अगदी मिरजेच्या थाटात म्हणते.

रंगाने ती माझ्यावर गेली आहे. नवरा गोरा आहे.

त्या दिवसांत मी सुखात होते, हे कबूल करायला हवं. मांबलम स्टेशनच्या जिन्याजवळ फुलं विकणाऱ्या बाईचा फोटो काढून मी तिला छापून दिला. तिने तो बराच वेळ निरखला आणि तमिळमध्ये म्हणाली की ही मीच आहे. एवढंच. फोनमधल्या फोटोत ती स्वतःला दुसरीच कुणीतरी वाटायची. मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा बँकेत कधी झाला नव्हता.

पण आमच्या भागातल्या मराठी बायकांचा एक गट आहे, महिन्यातून एकदा कुणाच्यातरी घरी जमणारा. त्यांना कळलं की मी फोटो काढते. आणि मराठी बायकांना फोटो कशाला लागतो, तर स्थळाला पाठवायला. पहिल्या आल्या त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. त्या तंजावरकडच्या, त्यांचं मराठी पोथीतल्यासारखं जुनं आणि हेल पूर्ण तमिळ. भाचीचा फोटो हवा होता. मी मनापासून काढला. भाची त्यात फार शहाणी आणि शांत दिसत होती, जशी ती आहे. काकूंनी तो बघितला. मुलगी गुणाची आहे पण रंग जरा वर आणला तर बरं, असं त्या हळूच म्हणाल्या. मी ठाम नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्या भाचीला घेऊन कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेल्या.

मग दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांच्या बायोडेटात रंग गव्हाळ. अख्ख्या पंजाबात गहू नसेल एवढा आमच्या त्या वीस-पंचवीस घरांत. आया माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि बोट स्क्रीनला लावून सांगायच्या, इथे जरा, मानेपाशी जरा. त्या काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे राहायचे आणि त्या गेल्यावर मी ते दोन-दोनदा पुसायची. पोटच्या पोरीबद्दल असं बोलतात आणि वर चहा मागतात, असं मी नवऱ्याला सांगायची. आणि हे सांगता सांगता, चौथी की पाचवी मुलगी असेल, मी एकीचा रंग थोडा उजळ करून दिला. तिची आई रडत होती म्हणून. पुढच्या वेळी कुणी रडण्याची गरज पडली नाही. काही दिवसांनी तर मी ते सगळे बदल एकत्र करून ठेवले, म्हणजे दर वेळी नव्याने करायला नकोत. एक बटण दाबलं की झालं.

कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला स्वस्तातल्या मॉनिटरवर अंदाजाने रंग फासतो. आपण किती खोटं केलं हे त्याला सांगताही येणार नाही. मला मात्र नेमकं कळत होतं, कारण चेन्नईत माझ्याएवढा अचूक मॉनिटर फार थोड्यांकडे असेल. इतक्या कष्टाने निवडलेली साधनं मी शेवटी याच कामाला लावली. बायकांची किळस मी मोठ्याने करत होते, स्वतःची मुकाट्याने.

याच सुमारास माझ्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला. निघाला म्हणजे मी काढला. एका नातेवाइकाच्या लग्नात कुणीतरी फोनवर काढलेला तिचा फोटो नाशिकच्या एका घरी गेला होता आणि तिकडून मुलगी जरा सावळी आहे, असा निरोप आला होता. तो मी तिला सांगितला नव्हता. माझ्या लग्नातलं आत्याबाईंचं वाक्य जसं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, तसंच. ती आधी लग्नालाच तयार नव्हती. मग एकदा पुण्याच्या एका मुलाबद्दल वाचून ती म्हणाली, बघू. तिची एकच अट होती.

“फोटो तू काढायचा. स्टुडिओत नको. तिथे मला पांढरं करतात.”

मी रविवारी सकाळी त्याच खिडकीशी तिचा फोटो काढला. आधी करडं कार्ड, मग हात, मग चेहरा. आयुष्यात मी काढलेल्या फोटोंत तो सगळ्यात चांगला आहे, आजही. तिने जांभळा साधा कुर्ता घातला होता आणि माझ्या काहीतरी बोलण्यावर ती उजवा हात हनुवटीशी नेऊन हसू दाबत होती. मी तो मॉनिटरवर लावला. तिने सवयीने शेजारी हात धरला, ‘जुळलं’ म्हणाली आणि नाश्ता करायला गेली.

दोन दिवस मी तो फोटो पाठवला नाही. उघडायची, बघायची, बंद करायची. फोटोत काही कमी नव्हतं. नाशिकचा निरोप मात्र डोक्यातून जात नव्हता. मला वाटायचं, पुण्यात कुणीतरी हा फोटो फोनवर अर्धा सेकंद बघेल आणि बाजूला सारेल, आणि ही हसू दाबणारी मुलगी त्यांना भेटणारच नाही. एकदा भेटले की रंग कोण बघतंय. बरोबर हेच माझ्या वडिलांनी मिरजेत स्वतःला सांगितलं असणार. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ते बटण दाबलं, वेगळ्या नावाने फोटो ठेवला आणि पाठवून दिला. सवय झाली होती.

पुण्याहून उलट टपाली उत्तर आलं की फोटो फार आवडला. ते लोक तिरुपतीला येणारच होते, तर परतताना चेन्नईत थांबायचं ठरलं. मुलगा, त्याची आई आणि वडील एका शनिवारी दुपारी आमच्याकडे आले. मी सांजा केला होता. मुलगी ऑफिसच्या कुठल्यातरी कामातून उठून, आहे त्याच वेशात, कॉफीचे पेले घेऊन बाहेर आली. मुलगा बरा होता, तिच्याशी कामाबद्दल नीट बोलला. त्याची आई मात्र एकदा तिच्याकडे आणि एकदा मांडीवरच्या फोनकडे बघत होती. मला ते दिसत होतं. मी सांजा वाढत राहिले.

त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “फोटो कुठल्या स्टुडिओत काढला हो?”

मी तोंड उघडायच्या आत मुलगी हसून म्हणाली, “स्टुडिओ नाही, आईनेच काढलाय. तिचा मॉनिटर एकदम खरा आहे. दर महिन्याला माझा हात लावून चेक करते ती.”

तिला माझा अभिमान वाटत होता. त्या बाईंनी फोन तिच्यापुढे धरला. मुलीने वाकून पाहिलं. माझी नजर तिच्या कानाच्या पाळीवर होती, वर बघायची हिंमत नव्हती. छान आलाय, असं ती म्हणाली, आणि रिकामे पेले उचलून आत गेली. पुढे अर्धा तास ती त्यांच्याशी नीट बोलली, चौकशी केली, लिफ्टपर्यंत सोडायला गेली. नवरा म्हणाला, मंडळी चांगली वाटली. मी ताटल्या उचलून आत गेले.

ती लिफ्टपासून परत आली आणि सरळ माझ्या टेबलाशी गेली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, कारण घासायला भांडी होती हे माझं नशीब. कम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. तिने फाईल शोधली असणार. एकाच्या खाली एक दोन्ही फोटो होते, नावांसकट. लपवावेत असं मला सुचलंही नव्हतं.

“आई, जरा ये.”

मी हात पुसत गेले. करड्या भिंतीपुढे, त्या जाड मॉनिटरवर, पाठवलेला फोटो पूर्ण स्क्रीनभर लावलेला होता. मोठा करून तिने हाताचा भाग मधोमध आणला होता. तीळ होता. तेलाचा डाग जवळजवळ गेला होता. ती खुर्चीत बसली होती आणि तिचा उजवा हात, बाही कोपरापर्यंत सारून, काचेशेजारी धरलेला होता.

“जुळतंय का सांग,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती खरोखर विचारत होती, जसं मी दर महिन्याला विचारायची. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, यंत्र लाव मग. मी म्हटलं, यंत्र बरोबर आहे. तिने हात खाली घेतला नाही. मी नाशिकच्या निरोपाबद्दल सांगू लागले, तिच्या भल्याचं काहीतरी म्हणू लागले, आणि माझंच बोलणं ऐकून मला त्या खुर्ची ओढून बसणाऱ्या बायका आठवल्या. मी मधेच थांबले.

मग तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि माझा हात ओढून स्वतःच्या हाताशेजारी, काचेजवळ ठेवला. भांड्यांच्या साबणाने तो अजून ओला होता. खिडकीतून दुपारचा चांगला उजेड येत होता. आमचे दोघींचे हात एकमेकींशी तंतोतंत जुळत होते.